टिटवी आणि डाग

छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनासाठी हेमांगीने आपले पहिलेवहिले छायाचित्र दिले आणि अध्यक्ष टिळेकरांनी ते भर सभेत उंच धरले. माळावरच्या खड्यांत बसलेली टिटवी त्यात जेमतेम दिसत होती.

“अहो बाई, हा पक्षी आहे की डाग? जरा जवळ जायला शिका!” त्यांनी भिंतीवरच्या आपल्या पदकविजेत्या टिटवीकडे बोट दाखवले. तिचे पंख पसरलेले होते, चोच उघडी होती. खाली नाव होते ‘आनंदगान’.

सभागृह हसले. हेमांगीचे कान लाजेने तापले. आपले चित्र घेऊन निमूट घरी जावे, म्हणून ती पुढे आली. पण त्या भिंतीपाशी थबकली.

“सर, हिच्या पायांखाली काय आहे?”

“अंडी. का?”

“उन्हात उघडी पडली आहेत. ही गात नाही, तुम्हाला हाकलते आहे. मीही जवळ जाणार होते. तिने दचकून मान वर केली, म्हणून थांबले. माझी टिटवी अजून अंड्यांवर बसलेली आहे.”

टिळेकर भिंतीजवळ जाऊन ती अंडी निरखू लागले. अखेर खुर्चीवर चढून त्यांनी स्वतःच्या हातांनी ‘आनंदगान’ उतरवले आणि त्याच खिळ्याला तो डाग टांगला.