शिंग, पाळणा आणि कोरडे जोडे

फार पूर्वी, दोन डोंगरांच्या कचाट्यातून एक नदी घाईघाईने बाहेर पडायची आणि जिथे ती जरा दम खायची, तिथे एक गाव वसलेलं होतं. नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं. उन्हाळ्यात काही कुटुंबं बेटावर झोपड्या घालून टरबुजं पिकवायची. टरबुजं इतकी गोड, की ती खाताना कुणाला नदीची भीती आठवत नसे.

नदी मात्र लहरी होती. वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळायचा आणि इथे लख्ख उन्हात पूर यायचा. म्हणून काठावरच्या काळ्या कातळावर एक शिंग टांगलेलं असे. कुणी बुडताना ज्याला दिसेल, त्याने ते फुंकायचं. मग आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं हातातलं काम टाकून धावत सुटायची. कोळी यायचा, म्हशी राखणारा यायचा, परटीण यायची, कुंभार तर मातीने भरलेल्या हातांनीच यायचा. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं आणि कुणी पगारही देत नव्हतं. गाव त्यांना ‘हाकेवाले’ म्हणायचं. शिंग फुंकणारा ते खाली ठेवून आधी स्वतः पाण्यात शिरायचा. पोहता येत नसलं तर निदान घोट्यापर्यंत तरी. त्याच्यामागून बाकीचे. ही रीत कुणी कुणाला शिकवलेली नव्हती, आणि ती मोडलेलीही कुणी पाहिली नव्हती.

त्या गावात राजाने एक नवा कारभारी धाडला. माणूस हुशार आणि मनाचा चांगला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही त्याच्यावर उगाच डोळे वटाराल. पहिल्याच पुरात एक हाकेवाला दुसऱ्याला वाचवताना स्वतःच वाहून गेला, तेव्हा कारभाऱ्याला अन्न गोड लागेना. त्याने राजधानीतून एक नामी सुतार आणवला. सुताराने कातळापासून बेटावरच्या चिंचेच्या झाडापर्यंत जाड दोर ताणला, दोरावर चाक चढवलं आणि चाकाला वेताचा भक्कम पाळणा टांगला. एक पातळ दोर चिंचेवरच्या कप्पीतून फिरून परत येई. त्यामुळे काठावर उभं राहूनच पाळणा नेता-आणता यायचा; एकाने त्यात बसून जायचं आणि अडकलेल्यांना आत घ्यायचं, बाकीच्यांनी दोर ओढायचा. पाण्यात उडी घ्यायलाच नको! गावाने असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. बायकांनी तोंडावर पदर धरले आणि म्हातारे हनुवटीवर बोट ठेवून बघत राहिले.

आता हा पाळणा चालवणार कोण? कारभाऱ्याला हाकेवालेच हवे होते. पाण्याचा ओढा, वाऱ्याचा झोत, घाबरलेल्या माणसाला धरायची तऱ्हा, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्याने दवंडी पिटवली, “जो पाळणा शिकेल, त्याला जरीचा फेटा आणि भर सभेत नारळ!”

दुसऱ्या दिवशी ही रांग लागली. कारभारी हरखला. पण रांगेत होते कोण? चावडीवर दिवसभर चकाट्या पिटणारे, वाण्याचा रिकामटेकडा मेहुणा, आणि लग्नात सगळ्यांच्या पुढे पंगतीला बसणारे दोघे भाऊ. हाकेवाल्यांपैकी एकही नाही. फेटे मात्र भराभर संपले. फेटेवाल्यांनी कोरड्या वाळूवर पाळणा थोडा झुलवून पाहिला, ‘जमलं की’ म्हणाले आणि फेटे मिरवत घरी गेले.

कारभारी चिडला. त्याने कातळावर जाऊन शिंग फुंकलं.

हाकेवाले वाऱ्यासारखे आले. परटिणीच्या हातात पिळायचं लुगडं तसंच होतं. “कोन बुडालं?” कोळी ओरडला.

“कुणी नाही,” कारभारी हसत म्हणाला. “आज तुम्हाला पाळणा दाखवायचा आहे.” मग आंब्याच्या सावलीत, बैठकीवर बसून त्याने पाळण्याचे गुण सांगितले. छान सांगितले. हाकेवाले तोवर पाण्यात घोट्यापर्यंत उभे होते. ते एकदा पाळण्याकडे बघत, एकदा कारभाऱ्याकडे. जणू कशाची तरी वाट बघत होते.

“तर आधी कोण बसतो?” कारभाऱ्याने विचारलं.

कुंभाराने हातावरची वाळलेली माती खरवडली. मग एकेक जण मुकाट्याने निघून गेला.

“अडाणी आणि हट्टी!” कारभारी घरी जाऊन बायकोला म्हणाला. “यांच्या भल्यासाठी जीव टाकतोय, आणि यांना नवं काही नकोच आहे.” बायको म्हणाली, “एकदा विचारून तरी बघा, का नको म्हणून.” पण कारभाऱ्याने विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर हाकेवाल्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

उन्हाळा संपत आला. एके दिवशी कारभाऱ्याची लहान लेक टरबुजं खायला मळेकऱ्यांबरोबर बेटावर गेली. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. दुपारी कारभारी सहज कातळावर आला आणि बघतो तर नदी तांबडी झालेली! बघता बघता पाणी चढलं. टरबुजं पाण्यावर उसळत पुढे गेली, मागोमाग झोपड्यांची छपरं गेली. बेटावरची माणसं चिंचेच्या झाडावर चढली आणि फांद्यांमध्ये कारभाऱ्याला लेकीचं पिवळं परकर-पोलकं दिसलं. 

त्याने जीव खाऊन शिंग फुंकलं.

हाकेवाले आले. फेटेवालेही आले, कारण गर्दी जमली की ते येतातच. कोळी आणि म्हशीवाला क्षणाचाही विचार न करता पुरात शिरले. पण नदीने दोघांना उचललं आणि खाली दूरवर, खडकांत आपटून परत फेकलं. लंगडत, रक्ताळलेले ते परत आले. कोळी धापा टाकत म्हणाला, “आज पोहून न्हाय जमायचं.”

मग उरला फक्त पाळणा. कारभारी फेटेवाल्यांकडे वळला. “चला, तुम्ही शिकलात ना!”

वाण्याचा मेहुणा चार पावलं मागे सरला. “आमी फेट्यासाठी शिकलो होतो, साहेब. पुरासाठी न्हाय.”

कारभारी हाकेवाल्यांपुढे आला. “तुम्ही जा! कुणीतरी बसा रे! माझी पोर आहे तिथे!” त्याने डोक्यावरची पगडी काढून त्यांच्यापुढे वाळूत टाकली.

आणि आश्चर्य बघा. जी माणसं परक्याच्या बकरीसाठीसुद्धा पुरात उडी घ्यायची, ती माणसं जागची हलली नाहीत. कारभाऱ्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. समोर चिंच वाकत होती, लेक किंचाळत होती, आणि गावातली सगळ्यात धाडसी माणसं त्याच्याकडे नुसती बघत उभी होती.

शेवटी परटीण पुढे आली. “कारभारी, शिंग कुनी फुकलं?”

“मी. मीच फुंकलं!”

“मग तुमचं पाय कोरडं कसं?”

कारभाऱ्याने खाली पाहिलं. सगळे हाकेवाले गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे होते. काठावर, कोरड्या वाळूत, तो फेटेवाल्यांबरोबर होता. त्याच्या जोड्यांवर अजून धूळ होती.

“फुकनारा आदी उतरतो, मग आमी,” परटीण म्हणाली. “पान्यात तरीबी उतरलो, त्याची आमाला वळख हाय. या पाळन्याची कुनालाच न्हाय. ज्यानं आनला त्योच त्यात कदी बसला न्हाय, मग आमी काय समजायचं?”

कारभाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. उन्हाळाभर ही माणसं त्याचीच वाट बघत होती आणि तो त्यांना हट्टी म्हणत होता! तो पुटपुटला, “मी बसलो नाही, कारण... मला भीती वाटते.”

हे ऐकून सगळेच चपापले. एवढा मोठा माणूस असं बोलेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. परटिणीचा आवाज एकदम मऊ झाला. “येवडंच व्हय? आवो, आमालाबी वाटती. आदी बोलला असता तर! आनि आमीबी त्याच दिशी बोलाया पायजे व्हतं. चुकलंच आमचं. उतरा आता.”

कारभारी जोड्यांसकट पाण्यात उतरला. गार पाणी पोटऱ्यांना लागलं तसे त्याचे दात वाजू लागले. डोळे मिटून तो पाळण्यात बसला. आणि त्याच क्षणी, न सांगता, सगळ्या हाकेवाल्यांचे हात दोरावर पडले.

पाळणा सुटला. वाऱ्याने तो गरगरायला लागला, तसा कोळी ओरडला, “थांबा! तळाला धोंडा बांधा, होडीला बांधतो तसा!” परत ओढून धोंडा बांधला आणि गरगरणं थांबलं. मध्यावर चाक अडकलं. म्हशीवाला दोराला लोंबकळत गेला, त्याने चाक सोडवलं आणि तसाच पाळण्याला लटकून पुढे गेला. पाळण्याच्या देखरेखीला गावातच राहिलेला सुतार तोंडात बोट घालून बघत राहिला, कारण यातलं त्याला काहीच सुचलं नव्हतं.

चिंचेपाशी पोचताच लेकीने बापाच्या गळ्याला मिठी मारली. पण शेजारच्या फांदीवर तान्हं मूल घेतलेली मळेकरीण होती. पाळण्यात जागा थोडीच. कारभाऱ्याने लेकीला आणि त्या मायलेकरांना पाळण्यात बसवलं आणि स्वतः फांदीवर चढला. म्हशीवाला बघतच राहिला. “तुमी न्हाय जात?”

“आधी उतरलो,” कारभारी फांदी घट्ट धरत म्हणाला, “आता शेवटीच निघेन.”

खेपांमागून खेपा झाल्या. पोरंबाळं गेली, म्हातारी माणसं गेली, मळेकरी गेले. शेवटच्या खेपेला म्हशीवाला आणि कारभारी बसले. काठ हाताशी आला, आणि कडाड! चिंच मुळासकट उन्मळली. दोर सैल पडला आणि पाळणा पुरात कोसळला. म्हशीवाल्याने काठ गाठला. कारभाऱ्याला पोहायला येतच नव्हतं. काठावर एकच आरडाओरडा झाला.

“फेटे!” परटीण गरजली. “फेटे सोडा रं!”

फेटेवाल्यांना काही कळायच्या आत त्यांची डोकी उघडी पडली. परटिणीच्या हातांनी जरीला जरीची गाठ मारली, लांबच लांब दोर झाला. कोळी तो कमरेला बांधून पुरात झेपावला आणि त्याने कारभाऱ्याला मानगुटीला धरलं. दोघांना ओढायला सगळं गाव होतं. वाण्याचा मेहुणासुद्धा. सगळ्यांच्या पुढे तोच होता आणि त्याचे पाय चांगले भिजले होते.

पूर ओसरल्यावर कारभाऱ्याने दवंडी पिटवली नाही. तो एकटाच कातळावर गेला आणि तुटका दोर गोळा करायला लागला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “कारभारी, हितं गाठ चुकतीया.” कोळी होता. त्याच्यामागे कुंभार होता, परटीण होती, म्हशीवाला होता. “आनि पाळन्याला बाजूनं कडी पायजे,” म्हशीवाला म्हणाला. “लोंबकळायला.”

कारभाऱ्याने जोडे काढले, कातळावर वाळत ठेवले आणि अनवाणी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरला.

तात्पर्य: जाणत्या माणसांना नव्या साधनाकडे बोलवायचं असेल, तर फेट्यांचं आमिष कामाला येत नाही. बोलावणाऱ्याने आपली भीती कबूल करावी आणि आधी आपले पाय भिजवावेत.