साळिंदराचा कोट

शेतांना कुंपणं नव्हती तेव्हाची गोष्ट. शेळीबाईंना काकडीच्या मळ्याला राखणदार हवा होता. साळिंदराला नोकरीची फार गरज, पण मुलाखतीला असं काटे घेऊन कसं जायचं? रेशमी कोट परवडेना. शेवटी शिंपी पक्ष्याने उंबराच्या फुकट पानांचा कोट शिवून दिला.

“अनुभव?” असं विचारत शेळीबाईंनी बाही खाल्ली. “आधीची नोकरी का सोडलीस?” असं विचारत कॉलर संपवली. साळिंदर अवघडून “हो बाई, हो बाई” करत राहिलं. पाठ खाताना मात्र बाईंच्या ओठात काटा घुसला.

“अगं बाई! हे हत्यार झाकून ठेवलं होतंस होय रे? उद्यापासून कामावर ये.”

साळिंदर आनंदाने काटे फुलवून निघालं.

“आणि कोट रोज नवा हवा हं,” शेळीबाई तोंड पुसत म्हणाल्या, “आमच्याकडे शिस्त असते!”