काजरशिवेवर कौल दुसऱ्यासाठी मागतात

हे समोर दिसतंय ते काजऱ्याचं झाड. कडू झाड, त्याला ढोरसुद्धा तोंड लावत नाही. त्याच्या बुंध्याशी जांभ्याचा जो अनघड दगड आहे तो आमच्या शिवेचा राखणदार. दगडाच्या चारी बाजूंना चार खांब उभे आहेत आणि वर छप्पर नाही. पलीकडे रस्त्याला लागून जे भलंमोठं जहाज दिसतंय, ते समुद्रातून वाट चुकून आलेलं नाही. ते जमिनीवरच बांधलं होतं, आणि त्याच्या पोटात जुगाराची टेबलं होती. त्याच्या पुढचं ते मोराचं रिसॉर्ट. मोराच्या पिसाऱ्यात दिवे होते, आता माकडं आहेत. तिसऱ्याचं नाव काय ठेवायचं ते ठरण्याआधीच ते बंद पडलं.

मी नारबा राऊळ, या गावचा मानकरी. मघाशी तुमची गाडी थांबली तेव्हा मी आधी नंबर बघितला, मग तुमच्याबरोबरच्या या गृहस्थांकडे बघितलं. तुम्हाला ते आवडलं नसणार. पण इथे गाडीतून उतरून फोटो काढणारा माणूस बहुतेक वेळा जमीन बघायला आलेला असतो, आणि नुसतं फिरायला आलो असं सांगणारा तर हमखास. तुम्ही कौलाची गोष्ट विचारलीत म्हणून सांगतो. मी सांगतो ते सगळं खरं मानू नका, मीही मानत नाही. पण या शिवेवर कौल कसा मागायचा, तो नियम तेवढा पाळा.

कौल म्हणजे काय ते आधी ऐका. जास्वंदीच्या ओल्या पाकळ्या दगडाला दोन्ही बाजूंना चिकटवायच्या. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, भोवतीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पूर्वी आमचे प्रश्न साधे असत. हरवलेली गाय मिळेल का, या मुलीला तिथे द्यावी का, विहीर कुठे खणावी. देवही साधाच होता. नाही म्हणायचं तिथे तो नाही म्हणत असे.

मग पलीकडच्या राज्यात जुगाराला मोकळीक मिळाली आणि अलीकडे बंदीच राहिली. नावं कशाला घ्या, तुम्हाला ठाऊक आहेत. ज्या माणसाला खेळायचं असेल त्याला फक्त ही शीव ओलांडायची होती. म्हणून शीव ओलांडली की पहिल्याच वळणावर ही रिसॉर्टं उभी राहिली. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या गाड्या येऊ लागल्या. असं सांगतात, की एकदा कुणा ठेकेदाराची गाडी नेमकी या झाडाखाली गरम होऊन थांबली. इंजिन निवेपर्यंत करायचं काय, म्हणून त्याने गमतीने कौल लावून घेतला. उजवी पडली. पलीकडे जाऊन तो म्हणे मुठी भरून परतला. एवढं पुरे झालं. त्यानंतर जो येईल तो आधी इथे थांबायचा. गाय आणि विहीर मागे पडली आणि देवाला एकच प्रश्न उरला: आज खेळू का?

तेव्हा गुरवकी धाकू गुरवाकडे होती. माणूस वाईट नव्हता. देवाचं पाणी वेळेवर घालणारा, कुणाचं नारळाचं भकलही न चोरणारा. तो प्रामाणिक होता तोवर अर्ध्या गाड्या डाव्या कौलाने इथूनच परत फिरत. हे जहाजवाल्या शेटच्या लक्षात आलं. शेट एके दिवशी दुपारी चालत इथे आला. नमस्कार केला, अंगारा लावला आणि धाकूला म्हणाला, “देवाला उन्हात ठेवलंय तुम्ही लोकांनी. छप्पर घालून देतो.”

राखणदाराला छप्पर चालत नाही. त्याला शिवेभर फिरायचं असतं, डोक्यावर आभाळ लागतं. गावाने तसं सांगितलं, पण धाकू ऐकेना. चार खांब उभे राहिले, वर रंगीत पत्रे चढले, खाली गुळगुळीत फरशी आली. आणि म्हणे त्यानंतर डावी पाकळी पडायची थांबली. ज्याला त्याला उजवी. माणूस रडत येवो की हसत, उजवी. लोक म्हणाले, देव प्रसन्न झाला. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. देव इतका सारखा प्रसन्न राहत नाही.

खरी गोष्ट नंतर कळली. धाकू सकाळी पाणी घालायला येई तेव्हा दगडाच्या उजव्या अंगाला बोटभर खोबरेल चोळून ठेवी. तेलावर पाकळी ठरत नाही. शेटने त्याला हे शिकवलं की धाकूलाच सुचलं, याबद्दल गावात दोन तट आहेत. मी दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. दोघांनीही तोंडाने काही न बोलता ते ठरवलं असेल, असं मला वाटतं. असले व्यवहार असेच होतात.

धाकूला एकच मुलगा, दाजी. चोविशी-पंचविशीतला, डाव्या भुवईत लहानपणी झाडावरून पडल्याची खोक. तो टेम्पोने रिसॉर्टांच्या स्वयंपाकघरांना भाजी पोचवायचा. मागच्या दाराने आत जायचा आणि तिथून पुढचे दिवे बघायचा. आपल्या बापाच्या हातून रोज सगळ्यांना उजवी पडते, हेही तो बघत होता. ती का पडते, हे त्याला ठाऊक नव्हतं. बापाने घरात कधी सांगितलं नव्हतं, आणि देवावर त्या पोराचा विश्वास होता. या गोष्टीत मला राग येतो तो इथे. ज्याचा विश्वास नव्हता त्याचं काहीच गेलं नाही.

एका सोमवारी दाजी टेम्पो विकून आला. पैसे खिशात घालून तो इथे गाड्यावाल्यांच्या रांगेत उभा राहिला. त्याची आई इंद्रावती मागोमाग धावत आली होती. पाळी आली तेव्हा तो बापाला म्हणाला, “बाबा, माझो कौल लाव. देव होय म्हणालो तर जातंय, नाय म्हणालो तर गप घरात बसतंय.”

इंद्रावती नवऱ्याच्या कानाशी लागली. “आज डावो पडांदे. तुमच्याच हातात आसा मा.”

 धाकूने राख मागवली, रिठ्याचं पाणी मागवलं आणि दगड घासायला सुरुवात केली. रांगेतले लोक म्हणाले, वा, मुलासाठी देवाला अभ्यंग चाललंय. त्याने घासघासून दगड लाल केला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घासला. पण जांभा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. अंगभर भोकं. वर्षानुवर्षं त्याने तेल पिऊन घेतलं होतं. धाकूने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि उजवी पाकळी त्यांचा आवाज विरण्याआधीच खाली आली.

आता बघा, धाकूला तेव्हाही बोलता आलं असतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं, की बाबा, हा कौल खोटा आहे. पण मागे रांग उभी होती. मुलाला सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं होतं.  दाजी दोघांच्या पाया पडला आणि शीव ओलांडून गेला.

तो परत आला नाही. जहाजाचा वॉचमन म्हणे म्हणाला, एक पोरगा मागच्या दाराने बाहेर आला, मान खाली होती, आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या ट्रकला हात करून चढला. दुसरा वॉचमन म्हणाला, असा कुणी आलाच नव्हता. पोलिसांनी दोघांचं लिहून घेतलं. मोकळ्या हातांनी आईबापांसमोर उभं राहायची त्याला लाज वाटली, असं बायका म्हणतात. मला विचाराल तर तो बापावर रागावला असणार. तेल त्याने ओळखलं असणार. पाया पडताना त्याचं डोकं दगडाच्या अगदी जवळ होतं, आणि खोबरेलाचा वास कुणाला कळत नाही?

धाकूने त्या दिवसापासून दगडाला हात लावला नाही. बायकोला त्याने सगळं सांगितलं. “दगडान तेल पिल्यान,” तो म्हणाला, “आता तो माझा ऐकणा नाय.” मग तो इथे रस्त्याच्या कडेला बसू लागला. येणाऱ्या प्रत्येक गाडीत तो डोकावून बघायचा. लोकांना वाटे, म्हातारा संशयी झाला.

गुरव नाही म्हणून गाड्या थांबायच्या थांबल्या नाहीत. लोकांनी आपापल्या हातांनी पाकळ्या लावायला सुरुवात केली. अशाच एका दुपारी एक तरणा मुलगा उतरला. दाजीच्याच वयाचा. बोटात आईची असावी अशी बायकी अंगठी होती, आणि ती तो फिरवत होता. त्याने पाकळ्या उचलल्या, तेवढ्यात इंद्रावती झाडामागून पुढे आली. बाईमाणसाने या दगडाला पाकळी लावल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या हातातून पाकळ्या घेतल्या, स्वतः लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. स्वतःसाठी नाही, दाजीसाठीही नाही, त्या मुलाच्या आईसाठी.

“देवा, ह्येच्या आवशीसाठी मागतंय,” ती म्हणाली. “ह्येना पुढे जावचा काय नाय, तां सांग.”

‘व्हय म्हाराजा’ म्हणायला गावातलं कुणी नव्हतं. रस्त्याकडेला बसलेला धाकू तेवढा पुटपुटला. आणि तेल प्यायलेल्या त्या दगडावरून, असं सांगतात, डावी पाकळी पडली. उजवी तशीच चिकटून राहिली.  मुलाने गाडी वळवली आणि आल्या वाटेने गेला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या आणखी एक-दोन गाड्याही वळल्या.

तेव्हापासून इथे असं झालं, की स्वतःसाठी कौल मागाल तर उजवीच पडते, काहीही विचारा. दुसऱ्यासाठी मागाल तर खरा पडतो. ही गोष्ट गाड्यांबरोबर गावोगाव गेली. सगळ्यांना हो म्हणणाऱ्या देवाचा हो घेऊन करायचं काय? खेळणारे लोक नशिबाला भीत नाहीत, पण असल्या होकाराला भितात. ते इथे थांबेनासे झाले, मग येईनासे झाले. आधी जहाजातली गर्दी आटली. मग मोराचे दिवे एकेक करून गेले, ते कुणी बदलले नाहीत. एका पावसाळ्यात वाऱ्याने दगडावरचे पत्रे उडवले आणि नेमके जहाजाच्या फाटकात नेऊन टाकले. शेट त्यानंतर दिसला नाही. खेळायची ती गोल टेबलं आता आमच्या लग्नांत भाजी चिरायला घेतात, आणि उंच खुर्च्या न्हाव्याच्या दुकानात आहेत.

सरकारी माणूस तुम्हाला वेगळं सांगेल. नवा हमरस्ता डोंगरापलीकडून गेला, या रस्त्याला गाडीच उरली नाही, लोक आता मोबाइलवरच खेळतात, त्यांना शीव कशाला ओलांडायची? हे सगळं बरोबर आहे. मी फक्त एवढंच विचारतो, की आधी गाड्या कमी झाल्या की आधी रस्ता वळला? याचं उत्तर अजून कुणी सरळ दिलेलं नाही.

आणखीही एक बोललं जातं. इंद्रावतीने म्हणे उजव्या पाकळीला काजूचा डिंक लावला होता. तिच्या परड्यात काजूची झाडं आहेत, हे मला ठाऊक आहे. मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, म्हणूनच विचारलं नाही. नवऱ्याच्या तेलाने एक मुलगा गेला आणि बायकोच्या डिंकाने एक परत गेला असेल, तर त्यातही देव कुठेतरी असेलच. पण त्यानंतर इतकी वर्षं कौल खरा पडतोय, तो कुणाच्या डिंकाने? इथे माझा संशय संपतो.

धाकू वारला. आजही काजरशिवेवर कुणी स्वतःसाठी कौल मागत नाही. आपल्या पोरासाठी मागायचा असेल तर शेजारणीला सांगायचं, आणि तिच्या पोरासाठी आपण मागायचा. आणि आजही जत्रेच्या दिवशी पहिला कौल दाजीसाठी लागतो. दुसऱ्या घरातली कुणीतरी बाई विचारते, “धाकू गुरवाचो झील येतलो काय?” मग सगळे थांबतात. आजवर तिथे एकही पाकळी पडलेली नाही, डावी नाही आणि उजवीही नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही दगडावरच वाळतात. कुणी त्या काढत नाही.

आता तुमच्याबरोबरच्या या गृहस्थांकडे मी मघाशी का बघत होतो, ते सांगतो. पन्नाशीचे दिसतात, परक्या नंबराच्या गाडीतून उतरले, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. आमचा गाव संशयी आहे असं आजूबाजूचे लोक म्हणतात, ते काही खोटं नाही. त्या वयाचा कुणीही इथे उतरला की गाव आधी त्याच्या डाव्या भुवईकडे बघतं.

ती बघा, तिथे धाकूच्या जागेवर म्हातारी बसली आहे. इंद्रावतीच ती. आता तिला फारसं दिसत नाही. जाताना तिच्या समोरून जा, आणि यांना सांगा, टोपी काढून थोडं खाली वाकायला. तिला हात लावून बघू दे.