रिकाम्या सावरीवरचा पहारा

फार पूर्वी सह्याद्रीच्या एका रानात लाल खांद्यांचे पोपट राहत. दरवर्षी एक धामण त्यांची पिल्लं खाई, त्यामुळे शेवटी एकच घरटं उरलं. तेव्हा धनेश, शेकरू आणि सुतार पक्षी यांनी पोपटांना जपायला मंडळ काढलं. धनेश अध्यक्ष झाला.

घरटं ऐनाच्या ढोलीत होतं. मंडळाने त्याच झाडावर पहारा बसवला आणि दिवसभर हाकारे सुरू केले. ते ऐकून धामण ऐनाकडे सरकू लागली.

ढोलीतून पोपटीण म्हणाली, "धनेशदादा, तुमची माया दिसतेय. पण आमचं घर कुठंय, ते तुम्हीच साऱ्या रानाला सांगताय!"

शेकरू चिडलं. "उपाशीपोटी राखण करायची, आणि वर हे ऐकून घ्यायचं?"

"ती बरोबर बोलतेय," धनेश म्हणाला. "चूक माझी. चला, त्या पलीकडच्या रिकाम्या सावरीवर जाऊन ओरडू."

मंडळ तिथे दुप्पट जोराने ओरडू लागलं. धामण वळली, काट्यांनी अंग सोलवटून घेत सावरीवर चढली आणि उपाशीच उतरली. मग मंडळ रोज नवं रिकामं झाड शोधू लागलं.

एके सकाळी पोपटाची पिल्लं ढोलीतून उडाली. मंडळाच्या डोक्यावरून जाताना एकाने विचारलं, "आई, हे कोण उगाच ओरडतायत?"

शेकरू सांगायला पुढे सरसावलं. धनेशने त्याला थांबवलं.

"राहू दे. घसा जप. पुढच्या वर्षी दोन ढोल्या राखायच्या आहेत."