ठकूबाईचे दहा दाणे

वेशीवरची चिंच गुडघ्याएवढी होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी आमच्या हिवरखेडीत ठकूबाई नावाची कुंभारीण राहायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण अंगणात पोरांची कायम जत्रा. शेतावर जाताना बाया आपली कच्चीबच्ची तिच्याकडेच सोडून जायच्या. तिथं चिखल फुकट, वर फिरतं चाक बघायला मिळतं, मग पोर रडेल कशाला?

भट्टीत फुटलेल्या गाडग्यांचा ढीग तिच्या दारात पडलेला असे. ती एकेका पोराला एक खापर द्यायची, त्यात ओंजळभर माती आणि ज्वारीचे दहा दाणे. दाणे पुरायचे, पाणी शिंपडायचं आणि रोज सकाळी एक दाणा उकरून बघायचा.

हो, उकरून! पेरलेलं उकरू नये, हे कोण सांगत नाही पोरांना? बाया तिला म्हणायच्या, "अगं ठकू, असलं उलटं काय शिकवतीस? उद्या रानातलं उकरतील की!"

ती हसायची. "दहा दिलेत ना? एखादा वाढंल. बाकीचे शिकवून जातील."

पोरं तरी काय कमी! मूळ आधी येतं का कोंब? दाणा उलटा पुरला तर मूळ वर जाईल का? डालग्याखाली अंधारात झाकला तर वर कुठं ते त्याला कळेल का? ठकूबाईचं सगळ्याला एकच उत्तर: "मला नका विचारू, दाण्याला विचारा." मग पोरं दाणा उलटा पुरायची, आडवा पुरायची, डालग्याखाली झाकायची. उलट्या दाण्याचं मूळ वळसा घालून खालीच गेलेलं दिसलं, की अंगणात असा कल्ला व्हायचा की चाकावरचं मडकं डुगडुगायचं, असं म्हणतात.

एका कार्तिकात ज्वारी पेरून झाली आणि तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस झोडपून गेला. मागून कडक ऊन पडलं. आठ दिवस झाले, तरी शिवारात एक हिरवं टोक दिसेना. गावाच्या पेवात, जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, तेवढीच ज्वारी उरली होती, पीक हाती येईपर्यंत खायची. रावजी पाटलांनी ठरवलं, पेरलेलं मेलं, आता पेव उघडायचं, रान मोडायचं आणि पुन्हा पेरायचं. पेव रिकामं झालं तर चुलीवर काय चढवायचं, हा घोर बायांना लागला.

औत जुंपलं. बघतात तर बैलांच्या पुढ्यात ठकूबाईच्या अंगणातली सहा वर्षांची धुरपी उकिडवी बसून माती उकरतेय.

"ए पोरी, ऊठ! बैल अंगावर येतील." पाटील ओरडले.

धुरपीनं तळहात पुढं केला. त्यावर एक पांढरा कोंब होता, शेपटासारखा वळलेला. "मेलं न्हाई पाटीलबाबा. वर यायला बघतंय, पण वर झाकण हाय न्हवं."

पाटलांनी ठकूबाईला बोलावणं धाडलं. "काय गं, ही पोर म्हणतीय ते खरं?"

"मला नका विचारू पाटील," ती म्हणाली. "दाण्याला विचारा."

आणि फेटा बांधलेले रावजी पाटील जन्मात पहिल्यांदा मातीत बसले. नखांनी एक दाणा उकरला, दुसरा, तिसरा. दहाच्या दहा जिवंत! पावसानं दबलेल्या मातीवर उन्हानं टणक पापुद्रा धरला होता, आणि त्याखाली सगळे कोंब वाकून अडकले होते.

औत चालवावं तर कोंब मोडणार. मग हलक्या पायाची पोरंच रानात शिरली. हातात खापराचे तुकडे घेतले आणि पापुद्रा खरवडत निघाली. कुणी म्हणतं चाळीस पोरं होती, कुणी म्हणतं शंभर. गावात घरं सत्तावीस, शंभर पोरं आली कुठून ते मी विचारलं, पण कुणी सांगेना. सगळं शिवार पापड भाजल्यासारखं तडतडत होतं म्हणे. पोरं पुढं सरकत होती आणि त्यांच्या पाठीमागं पेरणीचं एकेक तास, एकेक ओळ, हिरवं होत येत होतं. पेवाचं तोंड त्या दिवशी उघडलंच नाही, असं म्हणतात.

ठकूबाई कधी गेली, हे धड कुणालाच ठाऊक नाही. मी तिघींना विचारलं, तर तीन उत्तरं. एक म्हणाली, ती गेली त्या सकाळी तिच्या लाकडी चाकाला पालवी फुटली. मी हसले, तर बाई माझ्यावरच उखडली, "तू होतीस का बघायला?"

अजूनही आमच्याकडं ज्वारी पेरल्यावर सातव्या दिवशी मोठी माणसं रानात पाय ठेवत नाहीत. बांधाजवळचं एक तास पोरांसाठी सोडलेलं असतं, त्याला ठकूचं तास म्हणतात. पोरांनी ते हवं तसं उकरावं. त्यांनी सांगितल्याशिवाय रान मोडायचं नाही की दुबार पेरायचं नाही. गेल्या साली शेजारच्या वहिनींची चार वर्षांची लेक बसली होती उकरत, नाकाला माती लागलेली. सगळं गाव बांधावर थांबलेलं, त्यात सरपंचांना तालुक्याला जायची घाई. ते बांधावरून ओरडले, "काय गं, आलं का?"

तिनं मानसुद्धा वर केली नाही. "जरा गप बसा ना!"

सगळं गाव गप्प बसलं.