सरईच्या बुडाखालचा भुसा

नाई, आपल्या गावचा डोमाजी आज इथं तुमच्यात नाई हे मले दिसते. पन त्याले सांगा, "एकच तं झाड किडलं, काय होते" हे मायासमोर पुन्हा म्हनू नको. विहारामागचं ते एकच झाड किडलं हाय, म्हनूनच आता तोडाचं! म्हने, सरई म्हंजे तथागताचा सालवृक्ष, त्याले हात लावाचा नाई. मले शिकवते! तथागतानं मागल्या एका जन्मी सोता काय केलं ते आयका.

लय मागं, कोसलात एक राजा राज्य करत होता, तवा बोधिसत्त्व रानातल्या एका जुन्या सरईत वृक्षदेवता होऊन रायत होते. जवळच वाडी होती. वाडीचा नाईक पुन्नक. लहानपनी त्याची माय त्याच झाडाले झोका बांधून त्याले निजवे, म्हनून तो झाडाले 'बाबा' म्हने.

एका उन्हाळ्यात झाडाच्या बुडाशी पिवळा भुसा पडला. लोक म्हनले, देवानं भंडारा देल्ला! साऱ्यायनं कपाळाले लावला. पुन्नकानं तं लेकीच्या डोक्यावरबी टाकला.

तवा झाडातून आवाज आला, "अरे येड्या, तो भंडारा नाई. माया पोटात अळ्या हायेत, लाकूड कोरून रायल्या. पानी पडलं का भुंगे होऊन निंघतीन आन शेजारच्या झाडाइत अंडे घालतीन. मंग सारं रान जाईन. आताच मले तोड. खोड जाळून टाक."

पुन्नक खोडाले बिलगला. "बाबा, माया हात नाई उठत. थोडे दिस वाट पाहू."

"तुया पायात काटा मोडला होता, तवा तुया मायनं वाट पाह्यली का?"

पुन्नक रडता रडता हासला. "लय बोंबललो होतो मी."

"आयकलं ना, साऱ्या रानानं आयकलं. मी नाई बोंबलत. घाल घाव."

तिसऱ्या दिसी झाड पडलं. खोड फोडलं तं आत बोटाएवढ्या अळ्या. मोकळ्या जागी नेऊन जाळलं. पानी आलं, बाकीचं रान हिरवं रायलं. पुढं पुन्नकानं नातवाचा झोका दुसऱ्या सरईले बांधला, पन 'बाबा' पुन्हा कोन्या झाडाले म्हनला नाई.

तवाची वृक्षदेवता म्हंजे आपले तथागत. पुन्नक म्हंजे त्यायचा शिष्य आनंद. आन भुसा कपाळाले लावनारे ते? ते आपन. अजून तेच करून रायलो. सोताचं अंग देऊन त्यायनं रान वाचवलं, याले दानपारमिता म्हनतेत.

विहारामागच्या सरईखालचा भुसा मी सकाळीच मुठीत घेऊन पाह्यला, तोबी असाच अळ्यायचा. डोमाजीची वाट पाहाची नाई. उठा. कुऱ्हाडी घ्या.