अंगण पाणी पितं

"...मग बाबा, याच्याहून पक्की जागा तुम्हीच दाखवा ना," हरबाजी म्हणाला, आणि हातातली पहार त्यानं अंगणात आपटली.

पहार ठण्णकन वाजली. त्याला ते फार आवडलं.

पैकूबाबा अंगणाच्या कोपऱ्याकडं बघत होते.

त्या दिवशी मठात भंडारा होता. सारं गाव जेवायला येणार, आणि पंगत मावेल एवढं सपाट अंगण हरबाजीनंच तयार केलेलं. बाबांचा हा शिष्य हाताचा मोठा कामसू. अंगण त्यानं धुम्मसानं ठोकलं, सारवलं, अगदी आरशासारखं केलं. एका कोपऱ्यात पाणी लवकर जिरायचं, म्हणून खरकट्याचं, कढया धुतल्याचं, विहिरीवरचं, सारं पाणी त्यानं चर काढून तिकडंच वळवलं होतं. कुठं चिखल नाही, डास नाही. बाया म्हणायच्या, हरबाजीचं अंगण आमच्या जावयासारखं आहे, कितीही ओता, पुरत नाही. तोही हसायचा. त्याला ती शाबासकीच वाटायची.

"एवढं पाणी कुठं जातं रे?" बाबांनी विचारलं.

"जमिनीत जातं, बाबा."

"आणि जमीन...?"

"जमीन कुठं जाईल? जमीन जागच्या जागी."

बाबा उठले आणि उतारानं खाली नाल्याकडं चालू लागले. हरबाजी मागं. मठात मदतीला आलेला मीही गेलो, मला सड्याला पाणी आणायचं होतंच.

आमच्याकडं मातीखाली चुनखडीचा दगड आहे. नाल्याच्या काठी त्याच दगडाच्या फटीतून झरा येतो. अलीकडं तो गढूळ झाला होता. धुणं मळकट निघतं अशी बायांची तक्रार होती, आणि हरबाजीनं ती गुराढोरांवर ढकलली होती.

चालता चालता बाबा त्याला सांगत होते. पाणी चुनखडीला चाटत राहतं, फट मोठी होत जाते. मग वरची माती त्या फटीतून थोडी थोडी निघून जाते. पोकळी खालून वर चढते, आणि वर राहतो नुसता पापुद्रा, फुगलेल्या पुरीसारखा. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पलीकडच्या गावात भरली बंडी बैलांसकट अशीच खाली गेली होती. हाकणाऱ्याला कासरा सोडायलाही वेळ मिळाला नाही.

हरबाजी ऐकत होता, पण मानत नव्हता.

"मी सकाळीच त्या कोपऱ्यावर उड्या मारून पाहिल्या, बाबा. टाचसुद्धा रुतली नाही."

"तू एकटा होतास."

...

झऱ्यापाशी बाबा वाकले. कोपरापर्यंत हात फटीत घातला आणि मूठभर गाळ काढून हरबाजीच्या तळहातावर ठेवला.

काळी माती. तिच्यात तांदळाचे दाणे.

भंडाऱ्याचे तांदूळ सकाळी धुतले होते. ते पाणी त्याच कोपऱ्यात सोडलं होतं.

हरबाजी बराच वेळ बोटानं दाणे चिवडत राहिला. वर अंगणातून सतरंज्या झटकल्याचा आवाज येत होता. पोरं पुढच्या रांगेसाठी आतापासूनच भांडत होती.

"बाबा..."

"तुझ्या पायाखालची आहे ही," बाबा म्हणाले. "आता सांग, गावाला कुठं बसवतोस?"